नातीच्या टाचा टेकत नाहीत

मरायचं होतं तं मेली, पण जाताना तुही जीभ तरी मले देऊन जायची होती. आता घरात तिची गरज पडली, अन् तू नाही.

माय, माह्या पोराची पोरगी सव्वा वर्षाची झाली. बगलेत धरून उभी केली की पाय लाकडासारखे ताठ, नुसती चवड्यावर उभी. आम्ही येडे खूश! "आजीवर गेली, लवकर पळन," म्हणून मी आंधळगावच्या सोनाराकडून वाळे आणले. पण बसवली की कलंडते, अन् डाव्या हाताची मूठ उघडत नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, पोटात असतानाच मेंदूले इजा झाली. पाय चांगले आहेत, पण मेंदूचा हुकूम त्यायले नीट पोचत नाही, म्हणून ते आकडतात. इजा जात नाही, पण रोज व्यायाम घेतला तं पोर पुष्कळ शिकते. मी विचारलं, कशानं झालं? "प्रत्येक वेळी कारण सापडत नाही, आजी."

माह्या नणंदेले मात्र लगेच सापडलं. "ग्रहणात वांगे चिरले असतीन सुनेनं." सून चुलीपाशी रडून राहिली, अन् पोरगा आपल्या आत्यापुढं मान खाली घालून गुमान.

तव्हा तू आठवली. माह्या लहान बहिणीचे पायही असेच कैचीसारखे एकमेकात अडकत. विहिरीवर एकीनं तुले टोकलं, "धानाच्या रोवण्याच्या घाईत ग्रहण पाळलं नाही न व?" दोर ओढता ओढता तू म्हणाली, "माह्या पोटात अंधार होता. तू कंदील घेऊन गेल्ती काय पाहाले?" अन् पोरीले कमरेवर घेऊन सरळ शेतातल्या बोडीवर गेली. त्या लहानशा तळ्याच्या उन्हानं तापलेल्या पाण्यात तू तिले उभी धरे, तिथं तिचे पाय सैल पडत. धान निंदून कंबर मोडली तरी रोज. पुढं ती काठी धरून गावभर हिंडली, अन् भांडलीही. तुले मेंदू-बिंदू काही माहीत नव्हतं. पण पोरीले शिकवाचं सोडून तू गुन्हेगार धुंडत बसली नाही. असं काळीज मी दुसऱ्या कोणाचं पाह्यलं नाही.

आता नातीची टाच मी तळहातात धरते, हळूहळू वाकवते. ती शिव्या दिल्यावानी ओरडते. जबर आहे.

हा कागद कुठं धाडू? राहू दे डब्यात. एक सांगते, त्या दिवशी नणंदेले तुह्यावानी सुनवाले उठली अन् तशीच खाली बसली. खोकल्याचं सोंग केलं.

येत्या रविवारी नणंद पुन्हा येऊन राहिली. मी बोलणार नाही. सुनेनंही तोंड उघडाचं नाही. पोरीच्या बापानं उत्तर द्यावं, अन् उभं राहून द्यावं.