सात ग्रॅम जास्त

४ मार्च

चि. खुडबुड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र औषधांच्या व्हॅनच्या ड्रायव्हरकाकांबरोबर धाडते आहे. मोबाइल बंद पाडून आता महिना झाला. मोबाइल चालू राहिला की पलीकडच्यांना आपली जागा कळते, असं लष्कराचे लोक सांगतात. म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना आणि आमच्या दवाखान्यातल्या बऱ्याच जणांना पेजर दिलेत. यांचा रुबाब तू बघायलाच हवा होतास. कमरेला पेजर लावून साहेब घरातसुद्धा फिरतात. वाजला की चष्मा कधीच सापडत नाही, मग डोळ्यांना चिकटवून वाचतात. छकुली त्यांची नक्कल करते आणि आम्ही पोट धरून हसतो.

पेजर उलटा केला तर मागे ‘तपासले’ आणि खाली तुझी सही! यांनी आपल्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांना दाखवली, मेव्हण्याचं काम आहे म्हणून. फक्त बॅटरी संध्याकाळपर्यंतच टिकते. काय करायचं ते कळव. लहानपणी घरातली सगळी घड्याळं उघडलीस, त्याचा काही तरी उपयोग होऊ दे.

जेवणाची आबाळ करू नकोस. मला विसरला नाहीस एवढं अधूनमधून कळवत जा.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घड्याळं उघडली हे खरं, पण त्यातलं एक पुन्हा चाललं होतं, ते तू सोयीस्कर विसरतेस.

वर्कशॉपमध्ये मान वर करायला फुरसत नाही. मी पेजर चार्ज करतो, चाचणीचा संदेश पाठवतो, वाजला की चिठ्ठी लावून सही ठोकतो. तीनशे वीस झाले. बॅटरी लवकर उतरते ही तक्रार आणखी दोघांची आली आहे. गंमत म्हणजे काट्यावर ठेवून पाहिली, तर ही बॅटरी जुन्या नमुन्यापेक्षा सात ग्रॅम जास्त भरते. वजनाला भारी आणि कामाला हलकी, आमच्या साहेबांसारखी! उघडून बघू का म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, सील तोडलं तर सगळा माल परत जाईल आणि तुझी नोकरी त्याच्या मागोमाग. मग म्हटलं, जाऊ दे.

भावोजींचा पेजर सवडीने पाठव, बदलून देतो. घाई नाही. छकुलीला पापा.

भावाला असंच रागवत राहा, बरं वाटतं.

तुझा खुडबुड्या

१८ मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तू जिवंत आहेस का? आधी तेवढं एका ओळीत कळव. पूल पडल्यामुळे व्हॅन आठ दिवस आली नाही, तुझं काहीच कळलेलं नाही.

सोळा तारखेला सकाळी अकराला आमच्या डोळ्यांच्या वॉर्डात सगळे पेजर एकदम वाजले. कुणी उचलले, कुणी वाचायला डोळ्यांशी नेले, आणि ते हातातच फुटले. भुलीच्या डॉक्टरांचा टेबलावर होता म्हणून ते वाचले, टेबलाला भगदाड पडलं. मग बाहेरून माणसं येऊ लागली. दुपारपर्यंत मी एकशे सहा डोळे मोजले आणि मोजायचं सोडलं. कापूस संपला तेव्हा चादरी फाडल्या.

हे स्टँडवर गाडी धूत होते. चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून पेजर अगदी जवळ धरला. ट्रॉलीवरून माझ्यासमोर आणलं तेव्हा चेहऱ्यावरून ओळखू आले नाहीत. शर्टाला मी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं बटण होतं, त्यावरून ओळखलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. डोळे दोन्ही गेले. ते सारखे विचारतात, पट्टी कधी काढणार. मी म्हणते, आठवड्याने. माझ्या त्या गोड आवाजाची मलाच किळस येते.

लोकांनी घरातले रेडिओ, इस्त्र्या, खेळणीसुद्धा रस्त्यावर आणून टाकली आहेत. छकुली घड्याळाजवळ जात नाही.

सगळे पेजर तुझ्या हातून गेले, मग एखादा तुझ्या खिशातही असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. दोन शब्द लिही रे.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे. वर्कशॉपमध्ये कुणालाच पेजर दिला नव्हता. आम्ही फक्त वाटत होतो.

माझं नऊ तारखेचं पत्र तुला पूल पडल्यामुळे उशिरा, आता मिळालं असेल. वाचलं असशील तर तुला सगळं कळलंच आहे. सात ग्रॅम मला दिसले होते. मी त्यावर विनोद केला. साहेबांनी दटावलं आणि मी गप्प बसलो, कारण नोकरी जाईल याची भीती वाटली. भावोजींच्या कमरेला माझी सही होती. ताई, मी काय लिहू? क्षमा हा शब्द लिहून तीनदा खोडला.

कपाटात चार्ज न केलेले बारा पेजर उरले होते. काल एक मैदानात नेला, वाळूच्या पोत्यांआड बसून बॅटरी उघडली. आत खडूसारखा पांढरा पातळ थर होता. तेच सात ग्रॅम.

आता नीट वाच, हे महत्त्वाचं आहे. जानेवारीत आलेले राखाडी वॉकी-टॉकी त्याच पुरवठादाराचे आहेत. पेजर गेल्यावर सगळ्या अ‍ॅम्ब्युलन्स तेच वापरताहेत. मी वजन केलं, अकरा ग्रॅम जास्त. साहेबांना सांगितलं, अधिकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणतात, चौकशी होईपर्यंत घबराट पसरवू नकोस. या वेळी मी ऐकणार नाही. इकडच्या तीन स्टँडवर सायकलने मी स्वतः जातो आहे. तुमच्या स्टँडवर तू जा. पत्र वाचून संपायच्या आधी जा.

माझ्यावर माया ठेव, असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही.

खुडबुड्या

२४ मार्च

चि. खुडबुड्यास,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं एकोणीसला आलं. त्या दिवशी तू समोर असतास तर मी काय केलं असतं, ते न सांगितलेलं बरं.

दुसरं एकवीसला दुपारी ड्रायव्हरकाकांनी हातात दिलं. मी ऑपरेशनच्या कपड्यांवरच स्टँडवर धावले. चौदा गाड्या, चौदा वॉकी-टॉकी. स्टँडप्रमुख ऐकेनात. म्हणाले, हेही टाकून दिलं तर जखमी कुठे पडलेत हे आम्हाला कोण सांगणार. त्यांचंही खरंच होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांचा हात धरून ओढत वॉर्डात आणलं आणि यांच्या डोळ्यांवरची पट्टी उचलली.

स्टँडप्रमुखांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हे मला म्हणाले, पट्टी काढलीस ना, मग अजून अंधार कसा? खुडबुड्या, यांना असं कळलं. मी पाच दिवस शब्द जुळवत होते, आणि कळलं ते असं.

वॉकी-टॉकी वाळूच्या खड्ड्यात टाकले. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला ते सगळे एकदम फुटले, वाळू पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत उडाली. आपल्या स्टँडवरचे चौदाही जण सुखरूप आहेत. नदीपलीकडच्या स्टँडला निरोप पोचला नाही. तिथले नऊ जण आमच्याकडे आणले, त्यांतले चारच वाचले.

यांनी आवाज ऐकला आणि तुझी पत्रं वाचून दाखव म्हणाले. नऊ तारखेच्या पत्रात मी बॅटरीचा मजकूर गाळला. पण वाचता वाचता मी अडखळले आणि यांनी बरोबर पकडलं. आता कान फार तिखट झालेत. मग सगळं वाचलं, साहेबांवरच्या विनोदासकट. यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, चौदांमध्ये नवा लागलेला तो तोतरा ड्रायव्हरही वाचला ना? मी हो म्हटलं. त्यावर म्हणाले, खुडबुड्याला लिही की तोंड दाखवायला जागा नाही म्हणून तो येत नसेल, तर माझ्यापुढे ती अडचण नाही. आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

ड्रायव्हरकाका सांगत होते की तू कामावर जात नाहीस, दार लावून बसतोस आणि बोलावलं तर ओ देत नाहीस.

यांचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही. मला तुझा राग आहे, आणि तो कधी जाईल हे मला सांगता येत नाही. पण यांना एका हाताने शर्टाची बटणं लावायला शिकवायचं आहे, छकुलीला शाळेत पोचवायचं आहे, आणि वॉर्डात माझ्याशिवाय चालत नाही. मी एकटी पुरी पडत नाही. रागावलेली असले तरी बहीण तुझीच आहे. व्हॅन परवा सकाळी तिकडून निघते. काकांना पुढची सीट ठेवायला सांगितली आहे. त्या सीटवर बस.

तुझी वाट बघणारी,
ताई