कंठाचे हाड दोघांनी उचलावे

मी, ह्योदो तेरुए, वय सत्त्याहत्तर, कै. ह्योदो काझुमा यांची पत्नी, नगरपालिकेची माजी सभासद, राहणार बंदरावरच्या चढणीवरचे घर, उवाजिमा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने, दिवसाउजेडी लिहीत आहे. मला कोणी फितवलेले नाही की दमदाटी केलेली नाही. ज्यांनी ज्यांनी आजवर तसा प्रयत्न केला त्यांना तो जमला नाही, हे गावाला ठाऊक आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका आल्यास पालिकेतल्या माझ्या विरोधकांना विचारावे. ते नाइलाजाने का होईना, होकार देतील.

मला दोन अपत्ये. थोरला तादाओमी यावाताहामाच्या गोदीत बोटींची इंजिने दुरुस्त करतो. धाकटी चिनात्सु इथेच टपाल कचेरीत आहे. तिची मुलगी मिओरी, सात वर्षांची. तादाओमी आणि चिनात्सु एकमेकांशी बोलत नाहीत. मिओरीच्या पहिल्या घासानंतरच्या पंधरवड्यापासून बोलत नाहीत.

घर, बाग, पुस्तके यांची वाटणी खाली केलीच आहे. पण हा कागद कशासाठी लिहायला घेतला ते आधी सांगते, कारण मुख्य मुद्दा शेवटी ठेवणारे वक्ते मला कधी आवडले नाहीत. माझे दहन झाल्यावर माझ्या अस्थी या दोघांनी समोरासमोर उभे राहून, आपण जेवतो तशा काड्यांनी, मिळून उचलाव्यात. एका हाडाला दोन माणसे, आपली रीत आहे तशी. पायांपासून सुरुवात करावी, म्हणजे कलशात मी सरळ बसेन. शेवटी कंठाचे हाड ठेवतात, ते तर या दोघांनीच उचलावे. दुसऱ्या कोणी हात लावू नये.

कलम पहिले. घर चिनात्सुला. चढणीवरची संत्र्यांची बाग आणि तिच्यातली फळे वाहणारी रुळगाडी तादाओमीला. त्या गाडीचे इंजिन माझ्या नवऱ्यापेक्षाही जास्त वर्षे चालले, ते तादाओमीमुळे. बँकेत जे असेल ते निम्मे-निम्मे. त्यावर मला काही बोलायचे नाही.

आमचे वकील सावादा मला म्हणाले, "बाई, अट घालून टाका. दोघे मिळून अस्थी उचलायला आले नाहीत तर वाटा नाही. बघा कसे धावत येतात."

मी म्हणाले, "अहो, मग ते माझी हाडं उचलणार नाहीत, घराच्या किल्ल्या उचलतील."

म्हणून अट नाही. वरची अस्थींची गोष्ट कायद्याने बांधील नाही, हेही सावादांनी मला दोनदा समजावले. मला ते पहिल्याच वेळी समजले होते. ही आज्ञा नव्हे, एका आईचे मागणे आहे. एवढे सोडले तर मी आयुष्यात फारसे काही मागितलेले नाही. भांडून घेतले आहे.

कलम दुसरे. माझी सर्व पुस्तके गावच्या वाचनालयाला. समासात मी पेन्सिलीने लेखकांशी वाद घातले आहेत, ते खोडू नयेत. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू कळलेल्या बऱ्या.

कलम तिसरे. माझा प्रचाराचा, हातात धरून बोलायचा कर्णा याकुशिजी एइगो यांना द्यावा. हे गृहस्थ दर निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या सभेत शेवटच्या रांगेला कधी एक अक्षर ऐकू आले नाही. आता तरी येऊ दे. तसेच, वीस वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींच्या समारंभात ज्या अधिकाऱ्याने माझे भाषण चालू असताना ध्वनिक्षेपक बंद करवला, त्याला मी क्षमा केलेली नाही. मी एवढेच म्हणत होते की ज्या मुलीला लांब बाह्यांचा रेशमी किमोनो परवडत नाही, तिने कामाच्या कपड्यात यावे आणि पहिल्या रांगेत बसावे. मी स्वतः विसाव्या वर्षी जाळी विणण्याच्या शेडमधून तशीच उठून गेले होते आणि दारातून परत फिरले होते. ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर मी तेच वाक्य घशाच्या जोरावर पुन्हा म्हटले. पुढच्या वर्षी चार मुली कार्डिगन घालून आल्या. तो अधिकारी अजून हयात आहे. त्याला माझ्या अंत्यविधीला बोलवावे आणि चांगला चहा द्यावा.

कलम चौथे. लाल बंडी. साठाव्या वर्षी माणूस फेरा पुरा करून पुन्हा बाळ होतो, म्हणून ही घालतात. मुलांनी ती आणली तेव्हा मी ठणकावून सांगितले, "मी कोणाचं बाळबीळ होणार नाही. मला अजून पुष्कळ बोलायचं आहे."

माझे यजमान फारसे बोलत नसत. त्यांनी बंडी उचलली, अंगात घातली आणि म्हणाले, "मग मी होतो. बागेत गारठा आहे."

पुढे ते वारेपर्यंत दर हिवाळ्यात संत्री तोडताना ते ती घालत. खालून, बंदरातून, हिरव्या चढणीवर एक लाल ठिपका दिसायचा आणि मला कळायचे की माझा माणूस कुठे आहे. ती बंडी माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी. आता घालायला माझी हरकत नाही.

कलम पाचवे. भिक्षूंकडून मेल्यानंतरचे लांबलचक नाव घेऊ नये. माझे नाव तेरुए. तेच पुरे.

आता मुख्य कलम. याला क्रमांक देत नाही.

मी नवस बोलत नाही, शकुन मानत नाही, आणि हे मी तीस वर्षे भर सभेत सांगितले आहे. तरी आमच्या घरातला एकही संस्कार मी चुकू दिला नाही. लोक विचारत, "ह्योदोबाई, हे कसं काय?" उत्तर सोपे आहे. नवे बाळ देवळात नेतात, त्याच्या ओठांना पहिला घास लावतात, तीन, पाच, सात वर्षांची मुले नटवतात, विशीला उभे करतात, लग्नात तीन पेल्यांतून घोट घोट पाजतात, साठीला लाल कपडे घालतात आणि शेवटी हाडे वेचतात. यातल्या प्रत्येक दाराशी माणूस एकटा उभा राहिला तर घाबरतो. म्हणून चार माणसे त्याच्याबरोबर उभी राहतात. तांबडा भात, शेपटीडोक्यासकट मासा, किमोनो, पेले, हे सगळे त्या चार माणसांना बोलावण्याचे निमित्त आहे. निमित्तासाठी माणसे तोडणे म्हणजे देवळाच्या पायरीसाठी देऊळ पाडणे.

आणि आमच्या घरात नेमके तेच झाले.

मिओरीचा पहिला घास याच घरात झाला. चिनात्सुला फार उशिरा मूल झाले होते. दोनदा हाती आलेले गेले होते, आणि मग ही. तादाओमी पहाटे यावाताहामाहून स्वतः शुभकार्याचा तांबडा मासा, 'ताई' म्हणतात तो, घेऊन आला, ताटाबाहेर शेपूट जाईल एवढा. घरातली थोरली बाई म्हणून मी बाळाच्या ओठांना भात लावला, रस्सा लावला, दात बळकट व्हावेत म्हणून देवळातून आणलेला खडा लावला. बाळाने खड्याकडे असे पाहिले की सगळे हसले. मग मोठी माणसे जेवायला बसली.

तादाओमीने माशाच्या गालाचा तुकडा काड्यांनी काढला आणि बहिणीपुढे धरला. "चिना, हा घे. सगळ्यांत गोड असतो. घे ना, गार होतोय."

चिनात्सुच्या मांडीवर बाळ होते. तिने आपल्या काड्या पुढे केल्या आणि तो तुकडा धरला.

क्षणभर एका तुकड्याला काड्यांच्या दोन जोड्या. चिनात्सुच्या सासूबाई ओरडल्या, "अगं बाई! पोरीच्या पहिल्या घासाला अस्थी उचलता की काय?"

तुकडा खाली पडला. तादाओमी ओशाळून हसला. ते हसणे सगळ्यांत वाईट झाले.

पुढच्याच पंधरवड्यात मिओरीच्या छातीत कफ दाटला आणि तिला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवले. तादाओमी धावत आला. चिनात्सु त्याला व्हरांड्यात भेटली. मी तिथेच बाकावर होते.

"तुझ्या त्या काड्यांनी माझ्या लेकीला स्मशान दाखवलंस, दादा."

तो म्हणाला, "मी गालाचा तुकडा दिला गं."

एवढेच बोलून तो निघून गेला. मिओरी बरी झाली. आता ती जिना एका वेळी दोन पायऱ्यांनी उतरते आणि कोणाचे ऐकत नाही. पण तिच्या तिसऱ्या वर्षाच्या देवदर्शनाला मामा आला नाही. या महिन्यात सातव्याचे झाले, तेव्हाही नाही. मिओरीने मला विचारले, "आज्जी, मामा खरा आहे की फोटोतला?"

चिनात्सु, मी आजवर गप्प राहिले, कारण तू रडायला लागलीस की मला युक्तिवाद सुचत नाही. आता कागद आहे, ऐक. एका तुकड्याला काड्यांच्या दोन जोड्या लागतात. एक देणारी, एक घेणारी. घेणारी तुझी होती. हे तुला त्या क्षणापासून माहीत आहे. तुझा राग दादावर नाही, तुझ्या स्वतःच्या हातावर आहे, आणि तो हात तू रोज सोबत घेऊन फिरतेस. पोरी, तू रात्रभर जागलेली होतीस, भुकेली होतीस. भावाने गोड घास पुढे केला आणि तू हात पुढे केलास. तू रांगत होतीस तेव्हापासून तो देत आला आहे आणि तू घेत आली आहेस. यात कसले पाप? कफ हवेतून आला. माशाच्या गालातून आला नाही.

आणि तादाओमी, तू गप्प राहिलास. गप्प राहण्याला तू चांगुलपणा समजतोस, वडिलांवर गेला आहेस. पण त्यांचे गप्प राहणे बागेतून परत यायचे. तुझे यावाताहामाला जाऊन बसले आहे. मी त्याला हट्ट म्हणते.

जे ताटावर केले तर चुकते, ते दहनानंतर अस्थी वेचायच्या टेबलाशी बरोबर असते. तिथे तुम्हाला कोणी ओरडणार नाही. तिथे दोन जोड्या पुढे आल्याच पाहिजेत. मी बाळाच्या ओठांना घास लावला होता. तुम्ही मला उचला, आणि ती कृती एकदा तिच्या योग्य जागी करून मोकळे व्हा.

दोघांपैकी एक आला नाही तर कंठाच्या हाडाची दुसरी बाजू याकुशिजी एइगो यांनी धरावी. ज्या गळ्याने त्यांना आयुष्यभर हरवले, तो त्यांच्या काड्यांत. माझ्या मुलांना हे चालणार असेल तर चालू दे.

साक्षीला बोलावले तेव्हा हे कलम मी याकुशिजींना वाचून दाखवले.

ते म्हणाले, "मी नाही धरणार. माझा हात थरथरतो. पाडीन."

"पाडा की. उभ्या हयातीत तुम्हाला मला पाडता आलं नाही."

"बाई, मरतानाही तुम्ही प्रचारच करणार!" असे म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुरवणी. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, आणि ते मेल्यावर उघडायचे असते. पण मला श्रोत्यांची सवय आहे, आणि माझे भाषण मी कधी दुसऱ्याला वाचू दिलेले नाही. म्हणून आज दुपारी मी दोन्ही मुलांना बोलावले. दुसरा येणार आहे हे कोणालाच सांगितले नाही. तादाओमी दाराजवळ बसला, बूट हाताशी येतील असा. चिनात्सु खिडकीकडे तोंड करून बसली. मी वरील सर्व मजकूर मोठ्याने वाचला. वाचताना आवाज दोनदा फुटला. खोकला आहे.

वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवला. मग चिनात्सु खिडकीकडेच पाहत म्हणाली, "आई, हे असं जमणार नाही."

मला वाटले, संपले.

"दादा डावखुरा आहे. समोरासमोर उभं राहिलं की त्याच्या नि माझ्या काड्या एकमेकींत अडकतात. बाबांच्या वेळी अडकल्याच होत्या."

तादाओमी चटईला म्हणाला, "बाबांच्या वेळी हिनं घाई केली."

"मी? तूच घट्ट धरून बसलेलास. सोडतच नव्हतास."

"सोडवत नव्हतं."

हे ऐकून चिनात्सुने पहिल्यांदा मान वळवली. त्याच्या केसांत इतके पांढरे आले आहेत हे तिला माहीत नव्हते, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसले.

"मग समोर नको," तो म्हणाला. "शेजारी उभे राहू. तू माझ्या उजवीकडे ये. म्हणजे तुझा उजवा हात बाहेरून येईल, माझा डावा बाहेरून."

"आणि तू सांगेपर्यंत मी उचलणार नाही."

"तूच सांग. तुझा आवाज आईसारखा आहे."

मी चहा करायला आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले. ते अजून बोलतच होते, चहा त्यांना नको होता.

सबब, वर मुख्य मागण्यात "समोरासमोर उभे राहून" हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी "शेजारी शेजारी, चिनात्सु उजवीकडे" असे वाचावे. कायद्याप्रमाणे दुरुस्तीपाशी सही केली आहे आणि शिक्का मारला आहे. बाकी मजकूर होता तसाच.

लिहून देणार : ह्योदो तेरुए (सही व शिक्का)

साक्षीदार :
१. याकुशिजी एइगो, निवृत्त, पालिका निवडणुकांतील माजी विरोधी उमेदवार
२. निशिगाकी फुमिए, सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकीण

ठिकाण : उवाजिमा
दिनांक : २४ नोव्हेंबर, रेइवा ६ (सन २०२४)