राणी रंगाची वाळू

आबा, आज इथल्या किनाऱ्यावर मी पोरांना वाळू रंगवायला शिकवत होते आणि तुमची फार आठवण आली. सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. डुमसची काळी वाळू लाटांबरोबर कुठे आणि किती सरकते, ते मला कॉलेजसाठी मोजायचं होतं. वाळू रंगवून किनाऱ्यावर टाकायची आणि मग तिचे कण शोधत जायचं. तुम्ही ऐकलंत आणि छाती फुगवून म्हणालात, "रंगनं काम शे ना? मंग मन्हावर सोड." पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये जन्म काढलेला माणूस! आईच्या पातेल्यात वाळू आणि साडीचा राणी रंग असा उकळलात की नवागामची अख्खी चाळ डोकावून गेली. आई कडाडली, "आते भात समुद्रमा रांधू का?"

त्याच दिवसांत धुळ्याहून काका माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते आणि मला पुढे शिकायला दूर जायचं होतं. तुम्ही हो म्हणत नव्हतात, नाही म्हणत नव्हतात. "पहिले देखू दे, तू काय शिकस ते," एवढंच.

डुमसला आपण वाळू पसरतो, पहिली लाट येते आणि पाणीच राणी रंगाचं होतं. वाळू पुन्हा काळी. तुम्ही कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघता, जणू त्यानंच मिलचा माल बिघडवलाय. "कापडले चढस, वाळूले काय चढी!" मला हसू आवरलं नाही, मग तुम्हीही हसलात. पुढच्या सुट्टीला राणी रंगाच्याच ऑइलपेंटचा डबा तुम्हीच आणलात आणि त्यात रंगवून वाळवलेली वाळू आपण पुन्हा पसरली. भरती येऊन ओसरल्यावर कण चिकटून यावेत म्हणून ग्रीस लावलेले पुठ्ठे ओल्या वाळूवर दाबत आपण दोघं चाललो. पहिला राणी कण बऱ्याच लांब, सुरूच्या झाडांपाशी, तुम्हालाच सापडला, आणि तुम्ही लहान मुलासारखे ओरडलात. मला तुम्ही इतके कधीच आवडला नव्हतात.

परतताना म्हणालात, "जाय पोरी, शिक. काकाले मी देखी लिसू." थोडं चालून, माझ्याकडे न बघता विचारलंत, "गयेली वाळू वापस येस का, बेटा?"

मी ठासून सांगितलं, "येस आबा, येसच."

मी गेले ती गेलेच. नोकरी, संसार सगळं दुसऱ्याच किनाऱ्यावर झालं. तुम्ही गेलात तेव्हाही मी सुरतेत नव्हते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. आबा, आपण एकच भरती मोजली होती. वाळू परत येते की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त जायचं होतं.