दोन बोटं माया

चि. धाकटीस मोठीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही बोलतात. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. एवढ्या दोन ओळींत तीनदा उठून नातीच्या दाराला कान लावून आले. सकाळपासून आतून कडी आहे.

झालं असं, की बाईसाहेबांना बारीक व्हायचं होतं. (अंग माझ्यावर गेलंय, ते कुठे जाणार?) सकाळी अर्धी काकडी, रात्री उरलेली अर्धी. वजनकाटा खोटारडा ठरून माळ्यावर गेला. माप म्हणजे ऑफिसचा काळा स्कर्ट, मीच शिवलेला. तो सैल झाला की पोटभर जेवीन, म्हणाली. मी जन्मभर शिवणकाम केलेली बाई. शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवल्याशिवाय कापड कापलं नाही, पुढेमागे उसवून कपडा वाढवता यावा म्हणून. ती आंघोळीला गेली की मी स्कर्ट उसवायची, थोडी माया सोडायची, टीप मारून जागेवर. झाला सैल! तर जेवायचं सोडून कार्टी नाचायला लागली, "आजी, लागू पडतंय!" आणि अर्ध्या काकडीची पाव केली. मी आणखी उसवला, तिने आणखी सोडलं. दोघींनी मिळून तिला उपाशी मारायचं काम चालवलं होतं, आणि इकडे माया संपली.

काल ऑफिसात चक्कर येऊन पडली. डॉक्टरने औषध काय दिलं, तर जेवण. आज सकाळी मी खरं सांगून टाकलं. म्हणाली, "म्हणजे मी जाडीच आहे?" म्हटलं, "आहेस. रुंद आहेस, माझ्यासारखी. या कमरेवर तुझा बाप आणि हातात शिवणयंत्र घेऊन मी तीन जिने चढलेय." दार आपटलं. चुकलं का गं माझं?

तुझी,
मोठी

ता. क. खरं काम हे, की तू ये. आपल्या रुंद बायकांत ऐसपैस वावरणारी तू एकटी, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना इकडेतिकडे बघत नाहीस. तिच्यासमोर बसून जेव. उपदेश नको, तो माझ्याकडे शिल्लक आहे.

ता. क. दुसरा. दार किलकिलं झालं, बाहेर ठेवलेलं ताट आत गेलं. परत कसं येतंय बघते. तू तरीही ये.

ता. क. शेवटचा. अठराव्या वर्षी तुझा निळा झगा धुण्यात आटला नव्हता. तू कमी खावंस म्हणून आईने सांगितलं आणि मी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला. दोन महिने तू रडत उपाशी निजलीस, मी शेजारीच. काय रागवायचं ते इथे येऊन रागाव. झगा ठेवला असशील तर घेऊन ये. कापलं मी काही नव्हतं. माया आत तशीच आहे.