विमलताईंचा गंज

विमलताई,

त्या सकाळी सडा टाकून, पाणी भरून मी चहा ठेवला होता, आणि हे खाटेवरून उठलेच नाहीत. आमची चूल बंद, म्हणून तुम्ही शेजारून गंजभर वरण आणलं. "मंजुषा, दोन घास खाय वं. गंजाकडं काय पाहून राह्यली?" म्हणालात.

चार वर्षं तो गंज माझ्याकडेच राहिला. भांडं रिकामं परत देऊ नये, हे मला ठाऊक आहे. पण मयतीच्या घरून त्यात काय घालून द्यावं, ते कळेना. साखर घालायला हात होत नव्हता.

पोरं बाहेरगावी गेली. दिग्रसचं घर विकून मी यवतमाळात दोन खोल्यांत आले. अंकुर म्हणाला, "आई, दुकान टाकाचं हाय काय भांड्यायचं?" मग ह्यांचं नाव घातलेली भांडीसुद्धा मी वाटून टाकली. तुमच्या नावाचा गंज मात्र सोबत आणला. काहून, ते मलाच समजत नाही. तो परत दिला की ह्यांचं सगळं उरकलं असं होईल, ही भीती असेल.

तुमची,
मंजुषा

हे पत्र टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी गंजात तुरीची डाळ भरली आणि दिग्रसची बस धरली.