गुरुवारच्या खाणावळी

१४ ऑक्टोबर, गुरुवार

ती. वन्सं,

इतक्या लांबून तुमच्या पायांवर डोकं ठेवता येत नाही, ते या कागदावर ठेवते. गुडघे कसे आहेत? तुमचा थोरला लेक रोज तेल लावून देतो ना, की तुम्हीच त्याला नको म्हणता? इथे थंडी सुरू झाली. वाचनालयातलं माझं काम चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस जायचं, फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या, कव्हरं घालायची. घरी आल्यावरही हाताला डिंकाचा वास येत राहतो. दिवस सरतो, एवढंच.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. सुरुवात नेहमीचीच: "छोट्याच्या पानात काय पडतं ते लिही. तुझं नको सांगू, तू कशावरही जगशील." वाचून हसू आलं; ह्यांना तुम्ही अजून छोट्याच म्हणणार. मी नवी नवरी होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून तुम्ही याच सुरात म्हणाला होतात, "आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि मी तेराची. माझ्या हातचं खाऊन वाढलाय. आता तुझ्या हाती देतेय, वाळवू नकोस."

तर पानात काय पडलं ते सांगते. स्टेशनच्या मागे एक खाणावळ सापडली आहे, टेबलं पाचच. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, तोंडाने फटकळ. मटारचं दाट सूप देतात, सोबत भाजलेला पाव. मीठ बेताचं असतं. मागे एकदा पुलापलीकडे गेले होते. मासे ताजे होते पण तेल जुनं, दोन दिवस घसा धरला. बसडेपोजवळची जागा बरी आहे, ड्रायव्हर-कंडक्टर जेवतात तिथे. परक्या गावात खाणावळ कशी निवडावी याचं ह्यांचं एक शास्त्रच होतं. दारावर पदार्थांचे रंगीत फोटो लावले असतील तर पुढे चालू लागायचं. जिथे हमाल आणि मास्तर एकाच बाकावर बसून मुकाट्याने जेवत असतील तिथे शिरायचं.

वन्सं, मी टाळते आहे. तुम्हाला ते कळतच असेल.

तुमच्या पत्रात खाली लिहिलं होतंत, "या वेळी त्याच्या हातच्या दोन ओळी हव्यात. तुझं अक्षर पुष्कळ झालं. नाही आल्या तर थोरल्याला सांगून विमानात बसते." फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, पडद्यावर माणूस हलताना बघितलं की चक्कर येते, म्हणून आजवर पत्रांवर निभावलं. या दोन ओळींपुढे मात्र माझं काही चालेना. मग मंगळवारी ह्यांच्या हातची सामानाची एक जुनी यादी घेऊन मी सूपवाल्या बाईंकडे जाऊन बसले. यादी समोर ठेवली आणि कागदावर त्यांचं अक्षर गिरवू लागले.

बाईंनी सूप आणलं. "नवऱ्याला पत्र?"

"नाही. त्यांच्या बहिणीला."

"मग त्यालाच लिहू दे की. दर वेळी दोघांचं टेबल मागता आणि एकट्याच जेवता. बघू तरी एकदा तुमचा नवरा. की घरात कोंडून ठेवलाय?"

मी मान खाली घातली तर कागदावर 'ताई, मी बरा आहे' असं अगदी त्यांच्या तिरक्या अक्षरात उतरलेलं. हुबेहूब. मी घाबरले, वन्सं. सूप तसंच टाकून घरी आले.

पुढचं पान वाचण्याआधी थोरल्याला हाक मारा. शेजारी बसू दे त्याला. आणि पाणी जवळ ठेवा.

आता लिहिते. तुमचा भाऊ राहिला नाही. अकरा फेब्रुवारीला गेले, सकाळी. छातीत कफ भरला म्हणून चार दिवस दवाखान्यात होते. तुम्हाला सोसणार नाही, असं आमच्या मुलानं आणि थोरल्यानं फोनवर ठरवलं. त्यांना बोल लावू नका. मी लगेच 'हो' म्हटलं, कारण ते माझ्याच सोयीचं होतं.

तिथलं जेवण ते तोंडात घेत नव्हते. त्या सकाळी म्हणाले, "मऊ भात मिळेल का गं कुठे? मीठ घालून." चार दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं. घर दोन बसा लांब, म्हणून मी आसपास शोधायला निघाले. तीन रस्ते हिंडले. चौथ्या रस्त्यावर एक खाणावळ अजून उघडायची होती, पण आचाऱ्याला खुणांनी समजावलं तेव्हा त्यानं माझ्यासाठी वेगळा भात चढवला. भला माणूस. तो उतरवायला लागला की मी शीत चिमटीत धरून बघायची. तुम्ही शिकवलं होतंत ना, छोट्याचा भात बोटांत विरघळला पाहिजे. मी त्याला दोनदा म्हटलं, अजून थोडा मऊ.

परत आले तेव्हा डबा हाताला चटके देत होता. नर्स दारातच भेटली. दहा मिनिटं झाली, म्हणाली. शेवटच्या क्षणी तिनं त्यांचा हात धरला होता.

तो गुरुवार होता. तेव्हापासून दर गुरुवारी मी कुठे ना कुठे जाऊन बसते, ह्यांनी मागवलं असतं तेच मागवते, संपवते, आणि 'छोट्याला आवडलं' असं तुम्हाला कळवते. खोटं बोललं तर आमच्या शाळेतल्या सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, आणि मग खरं काय ते स्वच्छ अक्षरात लिहायला लावायच्या. पट्टीचं काही वाटायचं नाही, लिहिताना रडू यायचं.

बातमी लपवली ती तुमच्या काळजीपोटी, असं सगळे समजतात. मला भीती होती ती तुमच्या एका प्रश्नाची. "तेव्हा तू कुठे होतीस?" म्हणून तुम्ही विचारण्याआधीच सांगते. भाताच्या पातेल्यापाशी होते, वन्सं. ते मला शोधत होते का, हे नर्सला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, पण थोरल्याच्या हातून नको. तुम्ही स्वतः लिहा. दहा दिवस लागतात पत्राला. मी रोज खाली जाऊन पेटी उघडून बघेन.

तुम्ही नको म्हणेपर्यंत,
तुमची भावजय