माहेर माझ्याच घरात

मी चतुराबाई धर्मराज तौर, वय ५८, धंदा शिवणकाम, राहणार कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना, लिहून ठेवते की, अंग थकले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. शिलाई मशीन व कानातली फुले माझी दत्तक मुलगी उषा हिला. दीर सर्जेराव यांना स्वतःचा मुलगा दत्तक द्यायचा होता, तो मी घेतला नाही, म्हणून ते माझ्या दारचे पाणी पीत नाहीत. त्यांना काही नाही.

२. उषाला जन्म दिला घनसावंगीच्या गिरिजाबाईने. चार लेकींवर पाचवी झाली, ती माझ्या ओटीत घातली. उपकार मानते, पण ती मला बघवत नाही ते नाहीच. उषा चालते बराबर तिच्यासारखी. भाकरी माझ्या हातच्या अन् चाल तिची! उषाच्या लग्नात गिरिजाबाईने नवरीच्या कानामागे काजळ लावले, ते मी पदराने पुसून माझे लावले.

३. जन्मदाती कोण हे उषाला मीच सांगितले, पण तिला ‘मावशी’ म्हणायचे असा दंडक घातला. भेट फक्त बाजारच्या दिवशी, माझ्यासमोर. आता गल्लीतल्या बाया तोंडावर म्हणतात, माय मरो अन् मावशी उरो. नाते मीच जोडले, मंग बोलू कोणाला?

४. माझ्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले आहेत. उषा पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे, दिवस माघात भरतील. गिरिजाबाईने निरोप धाडला, “तुमच्याच्यानं होणार न्हाई, लेकीला मी घेऊन जाते.” लेकीला म्हणे! अंगाची लाही झाली. उषाला विचारले, जाशील का? ती म्हणाली, “बाई, तू नसल्यावर मला माहेर कुठलं?”

५. म्हणून राहते घर उषाच्या नावे करते आणि गिरिजाबाईस हयातभर त्यात राहण्याचा हक्क देते. अट एकच. उषाला घनसावंगीला न्यायचे नाही. दवाखाना कुठलाही असो, बाळंतिणीचे पाणी माझ्याच चुलीवर तापेल.

६. घराची किल्ली मी गेल्यावर शेजारी पुंजाराम यांनी गिरिजाबाईस द्यावी. तोवर तिने उंबऱ्याबाहेरूनच बोलावे. उषा सध्या माझ्याजवळ निजते, आणि एवढे दिवस ती मला एकटीला पाहिजे.

वाचून घेतले, बरोबर आहे.

सही : चतुराबाई धर्मराज तौर
साक्षीदार : १. पुंजाराम, शेजारी (सही) २. लतीफ, कापड दुकानदार (सही)
कुंभार पिंपळगाव, ९ जानेवारी २००२